पहिल्यांदाच टीम लीड झालात? सहा जणांच्या टीमचं काम बोर्डावर आणून वेळेत कसं संपवायचं

टीम लीडची जबाबदारी आली की पहिल्याच आठवड्यात बहुतेक जण सगळ्यांना कामं वाटून टाकतात. कुणी रिकामं बसू नये, हा हेतू. दोन महिन्यांनी प्रत्येकाच्या हातात तीन-चार कामं असतात, सगळी 'ऐंशी टक्के झाली' असतात आणि क्लायंटसमोर ठेवावं असं पूर्ण झालेलं एकही नसतं. मग रात्री उशिरापर्यंत बसणं, शनिवारी बोलावणं सुरू होतं, आणि त्यानंही फारसा फरक पडत नाही.

टीम आळशी असते म्हणून असं होत नाही. ऑफिसातलं काम माणसाच्या हातात असतं त्यापेक्षा जास्त वेळ दोन माणसांच्या मधे पडून असतं. कोड लिहून झालाय, तपासायला कुणी मोकळं नाही. तपासून झालंय, टेस्टर दुसऱ्यात अडकलीय. टेस्टिंग झालंय, क्लायंटचा होकार यायचाय. हा पडून राहण्याचा वेळ कमी करणं हे लीडचं मुख्य काम, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. एका दूध संघाला मोबाइल ॲप हवंय. गावच्या डेअरीत सकाळ-संध्याकाळ दूध घालणाऱ्या उत्पादकाला लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), दर आणि दहा दिवसांचं बिल फोनवर दिसलं पाहिजे. टीम सहा जणांची: लीड, एक बिझनेस ॲनालिस्ट, दोन बॅकएंड डेव्हलपर, एक मोबाइल डेव्हलपर, एक टेस्टर.

१. आधी एक पान लिहा

कामाला हात लावण्याआधी एका पानावर पाच गोष्टी लिहून क्लायंटकडून ईमेलवर होकार घ्या: काय बनवायचं, कुणासाठी, कधीपर्यंत, काय बनवायचं नाही, आणि वाद झाला तर अंतिम शब्द कुणाचा.

चौथी आणि पाचवी गोष्ट लोक गाळतात आणि पुढे तिथंच घोडं पेंड खातं. 'काय बनवायचं नाही' ही यादी नेमकी हवी. उदाहरणार्थ: पशुखाद्याची ऑनलाइन मागणी या टप्प्यात नाही, जनावरांच्या विम्याची माहिती नाही, जुन्या वर्षांची बिलं नाहीत. ही यादी नसेल तर तिसऱ्या महिन्यात 'हे तर धरलेलंच होतं ना?' असा प्रश्न येतो आणि तुमच्याकडे दाखवायला काहीच नसतं.

अंतिम शब्दाचा माणूस एकच असावा. संघाचे हिशेब प्रमुख एक सांगतात, संकलन विभाग दुसरं सांगतो, संचालक बैठकीत तिसरंच निघतं. या तिघांमधला वाद सोडवणं टीमच्या अंगावर पडू देऊ नका. त्यांच्यापैकी एकाचं नाव त्या पानावर घाला आणि त्या व्यक्तीला तसं स्पष्ट सांगा.

२. काम कार्डांमध्ये फोडा

एका कार्डावर एक काम, आणि ते काम एका माणसाला जास्तीत जास्त तीन दिवसांचं. त्याहून मोठं असेल तर फोडा. तीन दिवसांचं काम अडलं तर चौथ्या दिवशी लक्षात येतं. तीन आठवड्यांचं काम अडलं तर महिना संपतो तरी 'चालू आहे' एवढंच ऐकू येतं.

फोडताना नवीन लीड हमखास एक चूक करतात. ते 'डेटाबेस', 'सर्व्हर', 'स्क्रीन' असे थर पाडतात. मग डेटाबेसचं कार्ड पूर्ण होतं, पण उत्पादकाला दाखवण्यासारखं काही तयार होत नाही आणि तिन्ही थर जुळवायच्या वेळी सगळ्या अडचणी एकदम बाहेर येतात. त्याऐवजी वापरणाऱ्याला उपयोगी पडेल असा बारीक तुकडा वरपासून खालपर्यंत कापा. आधी फक्त आजचं दूध दिसू दे. मग मागच्या दहा दिवसांचं. मग कपाती.

बिलाचं कार्ड असं दिसेल:

*दूध उत्पादकाला आपलं चालू बिल मोबाइलवर दिसावं. हे काम झालं कधी म्हणायचं?*
- *सकाळ आणि संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर वेगवेगळे दिसतात.*
- *पशुखाद्य आणि उचल वजा होऊन हातात येणारी रक्कम दिसते.*
- *२१ तारखेपासूनचं बिल महिनाअखेरपर्यंत धरलं जातं: ३१ दिवसांच्या महिन्यात ११ दिवस, फेब्रुवारीत ८ किंवा ९.*
- *५ उत्पादकांची रक्कम संघाच्या छापील बिलाशी पैशासकट जुळते.*
- *नेटवर्क नसेल तर शेवटचं पाहिलेलं बिल तारखेसह दिसतं.*

तिसरी ओळ बघा. सगळे 'दहा दिवसांचं बिल' म्हणतात म्हणून डेव्हलपर सरळ दहाचा आकडा कोडमध्ये घालेल. मार्चमध्ये ५ उत्पादकांच्या बिलावर चाचणी केली आणि ती पहिल्या पंधरवड्यात केली, तर चूक सापडणारच नाही. ती सापडेल ३१ तारखेचं दूध बिलातून गायब झाल्यावर, गावोगावच्या तक्रारींमधून. अशा ओळी ॲनालिस्ट, डेव्हलपर आणि टेस्टर यांनी काम सुरू होण्याआधी वीस मिनिटं एकत्र बसून लिहायच्या असतात. तिघांपैकी एक जरी नसला तरी एखादी ओळ सुटते.

याच कार्डातली शेवटची ओळ, नेटवर्कची, वेगळं कार्ड म्हणून काढता येते. तेवढ्यानं पहिलं कार्ड तीन दिवसांच्या आत बसतं.

३. बोर्ड मांडा

भिंतीवरचा फळा आणि चिकटवायच्या चिठ्ठ्या, ट्रेलो, जिरा किंवा साधी गूगल शीट, काहीही चालेल. कोणतं टूल घ्यायचं यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त घालवू नका. कंपनीत जे आधीपासून आहे ते घ्या. टीममधलं कुणी घरून काम करत असेल तर मात्र भिंतीवरचा फळा सोडा, कारण दोन ठिकाणचे बोर्ड दुसऱ्याच आठवड्यात एकमेकांशी जुळेनासे होतात.

कार्डांवरून काम खेचायची ही पद्धत जपानमधली आहे. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी कानबान नावाची कार्डं आणली ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात. पुढच्या टप्प्याला माल लागेल तेव्हाच मागच्या टप्प्यानं तो बनवायचा, आधीच ढीग लावायचा नाही, हा त्यातला नियम. सॉफ्टवेअरमध्ये हा विचार रुजवणाऱ्यांत डेव्हिड अँडरसन यांचं नाव प्रमुख. २००४च्या सुमारास त्यांच्या सल्ल्यानं मायक्रोसॉफ्टच्या एका देखभाल टीमनं कामाची पद्धत बदलली. ही टीम हैदराबादेत बसायची. टीमचा बराच वेळ येणाऱ्या प्रत्येक विनंतीचा अंदाज बांधण्यात जात होता. तो प्रकार थांबवला, हातात घ्यायच्या कामावर मर्यादा घातली, आणि विनंती पूर्ण व्हायला लागणारा काळ सुमारे पाच महिन्यांवरून दोन आठवड्यांवर आला.

आपल्या उदाहरणातल्या टीमसाठी बोर्डाचे रकाने असे: *करायचंय, घ्यायला तयार, कोडिंग, रिव्ह्यू (दुसऱ्या डेव्हलपरनं कोड तपासणं), टेस्टिंगच्या रांगेत, टेस्टिंग, क्लायंटच्या होकारासाठी, झालं.*

'टेस्टिंगच्या रांगेत' आणि 'क्लायंटच्या होकारासाठी' हे थांबण्याचे रकाने मुद्दाम ठेवायचे. नुसते 'करायचंय, चालू, झालं' असे तीन रकाने केले तर सगळं 'चालू'मध्ये जाऊन बसतं आणि काम नेमकं कुठं रखडलंय ते कधीच कळत नाही. आणखी एक काटेकोर सवय लावा: कार्ड नव्या रकान्यात सरकलं की त्यावर ती तारीख लिहायची. टूलमध्ये हे आपोआप होतं, फळ्यावर हातानं लिहावं लागतं.

या तारखा काय दाखवतात ते बघा. समजा बिलाच्या कार्डाचा प्रवास असा झाला: कोडिंग २ दिवस, रिव्ह्यूसाठी थांबणं २ दिवस, रिव्ह्यू आणि दुरुस्ती १ दिवस, टेस्टरच्या रांगेत ३ दिवस, टेस्टिंग १ दिवस, क्लायंटच्या होकारासाठी ३ दिवस. एकूण १२ दिवस, त्यात प्रत्यक्ष काम ४ दिवसांचं, थांबणं ८ दिवसांचं. डेव्हलपरला घाई करून कोडिंग दीड दिवसात उरकून घेतलं तर १२चे साडेअकरा होतील, आणि घाईत राहिलेल्या चुका टेस्टिंगमध्ये तो अर्धा दिवस परत वसूल करतील. टेस्टरची रांग निम्मी केली तर कुणालाही न पळवता दीड दिवस वाचतो.

४. हातातल्या कामाला मर्यादा घाला

बोर्ड मांडणं सोपं आहे. बोर्ड असलेल्या कितीतरी टीम तरीही उशिराच संपवतात, कारण त्या ही पायरी घेत नाहीत.

रांगांच्या गणितात एक साधा नियम आहे. जॉन लिटल यांनी तो १९६१ मध्ये सिद्ध केला. एक काम पूर्ण व्हायला लागणारा सरासरी वेळ म्हणजे हातात असलेली कामं भागिले पूर्ण होण्याचा वेग. टीम आठवड्याला ५ कार्डं संपवते आणि बोर्डावर सुरू झालेली १० कार्डं आहेत, तर एका कार्डाला सरासरी २ आठवडे लागणार. त्याच टीमच्या हातात २० कार्डं दिलीत तर ४ आठवडे. वेग तोच, माणसं तीच, फक्त प्रत्येक काम दुप्पट उशिरा हाती येतं. प्रत्यक्षात वेगही थोडा घटतो, कारण दोन कामांमध्ये उड्या मारताना 'मी कुठं होतो' हे आठवण्यातच वेळ जातो. (येणाऱ्या आणि संपणाऱ्या कामांचं प्रमाण साधारण सारखं असलं तर हा हिशेब लागू पडतो. रोज नवी कामं आत ओतली जात असतील तर परिस्थिती याहून वाईट असते.)

आपल्या टीमसाठी सुरुवातीच्या मर्यादा:

- कोडिंग आणि रिव्ह्यू मिळून ४
- टेस्टिंगची रांग आणि टेस्टिंग मिळून ३
- क्लायंटच्या होकारासाठी ३
- 'घ्यायला तयार' ५, म्हणजे साधारण एका आठवड्याचं काम

कोडिंग आणि रिव्ह्यूची मर्यादा एकत्र ठेवण्यामागं कारण आहे. डेव्हलपर तिघे आणि जागा चार. रिव्ह्यूसाठी दोन कार्डं पडून असतील तर नवीन काम घेण्याआधी कुणाला तरी ती तपासावीच लागतात. मर्यादा वेगळ्या ठेवल्या तर प्रत्येक जण आपलं कोडिंग करत राहतो आणि रिव्ह्यू 'संध्याकाळी बघतो'वर जातं.

कार्ड अडलं तरी ते मर्यादेत मोजायचंच. 'हे अडलंय, तोवर दुसरं घेतो' ही सूट दिलीत की मर्यादा कागदावर राहते. मर्यादेमुळे अस्वस्थता यायलाच हवी, तरच अडलेलं काम सोडवायला लोक उठतात.

आता खरी कसोटी. टेस्टिंगचे तीनही कप्पे भरलेत, कोडिंगचेही चार भरलेत आणि एक डेव्हलपर मोकळा झालाय. त्यानं काय करायचं? क्रम असा: आधी रिव्ह्यू. मग टेस्टरला विचारायचं, 'चाचणीचा डेटा बनवून देऊ का?' ५ उत्पादकांची छापील बिलं गोळा करून त्यांची तुलना-शीट तयार करणं हे काम डेव्हलपर करू शकतो. मग स्वतःच्या कोडच्या आपोआप चालणाऱ्या चाचण्या. यातलं काहीच नसेल तर वाचन किंवा जुना कोड नीट करणं. नवीन कार्ड मात्र नाही.

इथं तुमच्या वरिष्ठांकडून प्रश्न येईल: 'तो मुलगा काही करताना दिसत नाही.' त्यावर बोर्ड दाखवा, रांगेतल्या कार्डांच्या तारखा दाखवा आणि शांतपणे सांगा की त्यानं आज नवीन काम सुरू केलं तर ते टेस्टिंगच्या रांगेत चौथं होऊन पडेल. पहिला महिना हे वारंवार सांगावं लागतं. नेमकं याच ठिकाणी बरेच लीड मागे हटतात, आणि हटायला नको.

मर्यादा दर दोन आठवड्यांनी तपासा. कार्डं सुरळीत सरकत असतील तर एकानं कमी करून बघा. लोक वारंवार खोळंबत असतील आणि अडथळा टीमच्या हातात नसेल, तर एकानं वाढवा.

तातडीच्या कामासाठी वर एक वेगळी पट्टी ठेवा, त्यात एका वेळी एकच कार्ड. दूध संघाचा फोन आला की एका गावाचं संकलनच नोंदवलं जात नाहीय, तर ते इथं. 'चेअरमन साहेबांना रंग आवडला नाही' हे इथं नाही.

५. तारीख सांगण्याआधी हिशेब करा

माणूस आपल्या कामाला लागणारा वेळ कमीच धरतो, मागचा अनुभव उलटा असला तरी. डॅनियल काह्नमन आणि अमोस त्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीला 'नियोजनभ्रम' या अर्थाचं नाव दिलं. म्हणून 'किती दिवस लागतील?' हा एकच प्रश्न विचारू नका.

अनोळखी कामाला तीन आकडे मागा: सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर आणि अडचणी आल्या तर. फॅट मोजणाऱ्या यंत्रातून डेटा घेण्याचं काम असेल आणि उत्तर २, ४ आणि १२ दिवस आलं, तर मधल्या आकड्याला चौपट वजन द्यायचं: २ अधिक १६ अधिक १२ म्हणजे ३०, भागिले ६ म्हणजे ५ दिवस. अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी १९५८च्या सुमारास बसवलेल्या पद्धतीतलं हे सूत्र आहे. पण आकड्याहून मोलाचा असतो तो पुढचा प्रश्न: '१२ दिवस का लागतील?' उत्तर येतं, 'प्रत्येक डेअरीत यंत्र वेगळ्या कंपनीचं असेल तर.' मग अंदाज बाजूला ठेवून आधी कोणत्या गावात कोणतं यंत्र आहे याची यादी मागवा.

दुसरा हिशेब उपलब्ध दिवसांचा. दोन आठवडे, सहा माणसं, कागदावर ६० दिवस. एक सार्वजनिक सुट्टी असेल तर ६ गेले. दोघांच्या दोन-दोन दिवसांच्या रजा, ४ गेले. राहिले ५०. जुन्या कामाचे फोन, मुलाखती, कंपनीच्या मीटिंग यात पाचवा हिस्सा जातो असं धरलं तर ४०. योजना या ४० दिवसांची करा. गणपतीत कोकणात जाणाऱ्यांच्या रजा जुलैतच विचारून घ्या. क्लायंटचं कॅलेंडरही विचारा: दिवाळीच्या तोंडावर दूध संघाचा हिशेब विभाग दरफरकाच्या (उत्पादकांना नंतर द्यायच्या वाढीव दराच्या रकमेच्या) वाटपात बुडालेला असतो, तेव्हा बिलाच्या स्क्रीनला होकार मिळण्याची आशा धरू नका.

महिना-दीड महिना झाला की अंदाजांपेक्षा भरवशाचं साधन हाती येतं, टीमचा स्वतःचा वेग. समजा सहा आठवड्यांत ५, ७, ३, ६, ४, ५ कार्डं संपली. एकूण ३०, सरासरी ५. राहिलीत ४०. सरळ भागाकार ८ आठवडे सांगतो, पण दर आठवड्याला साधारण एक नवं कार्ड वाढत असेल तर निव्वळ घट ४ची, म्हणजे १० आठवडे. क्लायंटला 'आठ ते दहा आठवडे, दर पंधरवड्याला नेमकं सांगत जाऊ' असं सांगा. एकच तारीख दिलीत तर ऐकणारा तीच धरून बसतो.

राखीव वेळ प्रत्येक कार्डात लपवू नका. हाती असेल तेवढा वेळ काम व्यापतं, हे ब्रिटिश लेखक पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये लिहून ठेवलंय. राखीव दिवस एकत्र करून शेवटी ठेवा, उघडपणे.

६. रोजची पंधरा मिनिटं

वेळ ठरलेली, उशिरा येणाऱ्यासाठी थांबायचं नाही, बोर्ड सगळ्यांसमोर. माणसामाणसाला 'काल काय केलंस?' विचारत फिरू नका. त्यातून हजेरी तयार होते, प्रत्येक जण लीडकडे बघून बोलतो आणि बाकीचे मोबाइल बघतात. बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचा, म्हणजे 'झालं'च्या सगळ्यात जवळ असलेल्या कार्डापासून. 'बिलाचं कार्ड टेस्टिंगमध्ये आज चौथा दिवस आहे. काय मिळालं तर आज सुटेल?' एवढाच प्रश्न. चर्चा दोन मिनिटांपेक्षा लांबली तर संबंधित दोघं-तिघं नंतर थांबतील.

याखेरीज आठवड्यातून एकदा अर्धा तास 'घ्यायला तयार' रकाना भरण्यासाठी, आणि दोन आठवड्यांतून एकदा तासभर कामाची पद्धत सुधारण्यासाठी. त्या तासात दहा सुधारणांची यादी करू नका. एक निवडा, तिचं कार्ड बनवून बोर्डावर लावा. बाकी मीटिंग शक्यतो दुपारनंतर ठेवा, सकाळचे सलग तीन तास कोडिंगला मोकळे राहू द्या.

७. अडलेलं कार्ड

अडलं की लाल खूण, आणि त्यावर तीन गोष्टी: कुणाकडे अडलंय, कधीपासून, पुढचा फॉलोअप कधी. 'क्लायंटकडे अडलंय' हे पुरेसं नाही, क्लायंटकडे नेमक्या कोणत्या व्यक्तीकडे ते लिहा.

फॉलोअपचा मेसेजही नीट लिहावा लागतो. 'गुड मॉर्निंग सर, काही अपडेट?' याला उत्तर येत नाही, कारण वाचणाऱ्याला नेमकं काय करायचं ते कळत नाही. असा लिहा:

*नमस्कार साहेब. बिलाचा स्क्रीन सोमवारी तपासायला पाठवला आहे. त्यात एकच गोष्ट ठरायची राहिली आहे: आधी पशुखाद्य वजा करायचं की आधी उचल? गुरुवारी दुपारी १ पर्यंत कळवलंत तर या आठवड्यात काम पूर्ण होईल. तोवर आपलं उत्तर आलं नाही तर सध्याच्या छापील बिलातला क्रम ठेवून पुढे जातो. नंतर बदलायचं झाल्यास २ दिवस लागतील.*

एक प्रश्न, एक वेळ, उत्तर न आल्यास काय होईल, आणि नंतर बदलण्याची किंमत. चारही गोष्टी हव्यात. फोनवर ठरलं तर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका. तोंडी ठरलेलं तीन आठवड्यांनी दोन्ही बाजूंना वेगवेगळं आठवतं.

८. उशीर होणार असं दिसलं तर

पहिली प्रतिक्रिया असते 'दोन माणसं वाढवा'. आयबीएमच्या ओएस/३६० या मोठ्या प्रकल्पाचं नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच सांगितलं होतं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली तर तो आणखी लांबतो. नव्या माणसाला शिकवायला जुन्याच माणसाचा वेळ जातो, शिवाय आपसातलं बोलणं वाढतं. सहा जणांमध्ये जोड्या होतात १५. आठ जणांमध्ये २८. माणसं वाढवायचीच असतील तर प्रकल्पाच्या पहिल्या एक-तृतीयांश काळातच वाढवा.

उशीर तुमच्या लक्षात आला त्याच आठवड्यात क्लायंटला सांगा, आणि रिकाम्या हातानं जाऊ नका. दोन पर्याय न्या: 'ठरलेल्या तारखेला दूध आणि बिल दिसेल, कपातींचा तपशील तीन आठवड्यांनी', किंवा 'सगळं एकत्र, तीन आठवडे उशिरा'. निवड त्यांची. आठवडाभर आधी कळलेला उशीर क्लायंटला चालत नाही, दोन महिने आधी कळलेला बहुतेक वेळा चालतो.

टेस्टिंगचे दिवस कापून तारीख गाठायचा सल्ला कुणीतरी देईलच. हे ॲप लोकांच्या दुधाच्या पैशांचं आहे. रक्कम एकदा चुकीची दिसली की उत्पादक पुन्हा ॲप उघडणार नाही, कागदी बिलच मागेल. इथं ठाम राहा.

९. काय मोजायचं, काय नाही

कुणी किती तास बसलं, कुणी किती कार्डं संपवली, किती ओळी कोड लिहिला, हे माणसागणिक मोजू नका. मोजलंत की लोक सोपी कार्डं आधी उचलतात, एका कामाची तीन कार्डं करतात आणि दुसऱ्याला मदत करणं थांबवतात, कारण मदत कुणाच्याच खात्यात जमा होत नाही. आकडे सुधारतात, काम बिघडतं.

टीमचे तीन आकडे पुरेत. आठवड्याला संपलेली कार्डं. चालू कार्डांचं वय, म्हणजे सुरू होऊन किती दिवस झाले. आणि एक कार्ड संपायला लागणारे दिवस. तिसऱ्यासाठी सरासरी काढू नका, एखादं रखडलेलं कार्ड ती ओढून नेतं. शेवटची २० कार्डं घ्या, लागलेल्या दिवसांप्रमाणे चढत्या क्रमानं लावा आणि १७वं कार्ड बघा. तिथं १४ दिवस असतील तर 'शंभरातली ८५ कामं १४ दिवसांच्या आत होतात' असं सांगता येतं. एखादं चालू कार्ड दहाव्या दिवसावर गेलं की रोजच्या भेटीत त्याच्यापासूनच सुरुवात करा.

१०. हँडओव्हर

ॲप सुरू झालं त्या दिवशी टीम मोडू नका. दूध संघाच्या बाबतीत किमान तीन बिलं निघू द्या: १ ते १०, ११ ते २० आणि महिनाअखेरचं. आधी एकाच तालुक्यातल्या पाच-सहा डेअऱ्यांवर सुरू करा आणि तिन्ही बिलांच्या वेळी कागदी बिल चालूच ठेवा. या महिन्यात एक डेव्हलपर आणि टेस्टर पूर्ण वेळ फक्त तक्रारींसाठी ठेवा, त्यांना नवीन कार्ड देऊ नका.

हँडओव्हरच्या कागदात स्क्रीनची चित्रं कमी आणि हे जास्त असावं: सर्व्हर बंद पडला तर कुणाला फोन करायचा, दर बदलला तर तो कुठं आणि कुणी भरायचा, बिल चुकलं तर ते पुन्हा कसं काढायचं. हा कागद क्लायंटच्या माणसाच्या हातात द्या आणि तुमच्या मदतीशिवाय त्याला एक दर बदलून दाखवायला सांगा. तो जिथं अडेल तिथं कागद दुरुस्त करा.